आकडे मांडायचे, सल्ला द्यायचा नाही

१९७२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, नद्यांमध्ये जाणारं सांडपाणी शुद्ध करण्यासाठी एक मोठा कायदा केला. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नकाराधिकार वापरून तो परत पाठवला. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी तो पुन्हा मंजूर केला. कायद्याप्रमाणे पहिल्या दोन आर्थिक वर्षांत राज्यांना ११ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम द्यायची होती. निक्सन यांनी हुकूम काढला की ५ अब्ज द्या, बाकीचे ६ अब्ज तिजोरीतच राहू द्या.

हे एकाच खात्याचं नव्हतं. घरबांधणी, महामार्ग, शेती अशा अनेक कामांचा मंजूर पैसा निक्सन अडवून धरत होते, आणि वर काँग्रेसलाच सुनावत होते की तुम्ही उधळे आहात, तुम्हाला बेरीजसुद्धा करता येत नाही. दुखरी गोष्ट अशी की या टोमण्यात तथ्य होतं. अध्यक्षांच्या हाताशी ‘ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट’ हे तज्ज्ञांनी भरलेलं कार्यालय होतं. काँग्रेसकडे तसं काहीच नव्हतं. खर्चाची विधेयकं वेगवेगळ्या समित्यांतून डझनभर तुकड्यांत मंजूर व्हायची, कर बसवणारी समिती तिसरीच, आणि वर्षाअखेर एकूण जमा किती, खर्च किती, तूट किती हे सांगायला सभागृहात कुणी जबाबदार नसायचं. अध्यक्षांचा आकडा खोटा आहे असं वाटलं, तरी खरा कोणता ते दाखवायची सोय नव्हती.

या भांडणातून १९७४चा अर्थसंकल्प कायदा आला. अध्यक्षाने परस्पर पैसा अडवण्यावर त्याने बंधन घातलं, दोन्ही सभागृहांत अर्थसंकल्प समित्या नेमल्या, आर्थिक वर्षाची सुरुवात १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेली. (त्यामुळे १९७६च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांना कोणतंच आर्थिक वर्ष उरलं नाही, त्यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागला.) शिवाय काँग्रेसचं स्वतःचं आकडेमोडीचं कार्यालय स्थापन केलं: काँग्रेशनल बजेट ऑफिस, म्हणजे सीबीओ. वॉटरगेट प्रकरणात पुरते अडकलेल्या निक्सन यांनी १२ जुलै १९७४ रोजी या कायद्यावर सही केली आणि चार आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, राजीनामा दिला.

आता या कार्यालयाचा प्रमुख कोण, हा प्रश्न आला. नेमणूक पक्ष न बघता करावी असं कायद्यातच लिहिलं होतं. सेनेटच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष एडमंड मस्की यांनी नाव पुढे केलं ॲलिस रिव्हलिन यांचं. प्रतिनिधीगृहाच्या समितीचे प्रमुख ॲल उलमन यांना सरकारी हिशेबात मुरलेले फिलिप ह्यूज हवे होते. रिव्हलिनबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं की उलमन यांचा विरोध या पदावर बाई बसण्यालाच होता. दोन्ही सभागृहांचं एकमत होईना आणि नेमणूक महिनोन्‌महिने लटकून राहिली.

गाडं हललं ते भलत्याच कारणाने. ७ ऑक्टोबर १९७४च्या मध्यरात्रीनंतर वॉशिंग्टनमधल्या टायडल बेसिन तलावाजवळ पोलिसांनी दिवे न लावता धावणारी एक मोटार अडवली. आतून एक बाई बाहेर पडली आणि तिने सरळ पाण्यात उडी घेतली. ती फॅनी फॉक्स, नाइटक्लबात काम करणारी नर्तिका. मोटारीत होते विल्बर मिल्स, करसमितीचे वर्षानुवर्षांचे अध्यक्ष आणि प्रतिनिधीगृहातलं मोठं प्रस्थ. त्यानंतरही मिल्स निवडणूक जिंकले, पण नोव्हेंबरअखेर बॉस्टनमध्ये त्याच नर्तिकेच्या कार्यक्रमात रंगमंचावर दिसले आणि त्यांना समितीचं अध्यक्षपद सोडावं लागलं. ती खुर्ची ज्येष्ठतेने उलमन यांच्याकडे गेली. अर्थसंकल्प समितीवर त्यांच्या जागी ब्रॉक ॲडम्स आले आणि त्यांनी रिव्हलिन यांच्या नावाला हरकत घेतली नाही. आपली नोकरी आपल्याला फॅनी फॉक्सच्या उपकाराने मिळाली, असं रिव्हलिनबाई पुढे हसून सांगत.

२४ फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली. त्याआधी सहा दिवस सर्वोच्च न्यायालयाने सांडपाण्याच्या त्या निधीबद्दल निकाल दिला होता: कायद्याने दिलेली पूर्ण रक्कम राज्यांना वाटलीच पाहिजे.

*

ॲलिस मिचेल यांचा जन्म ४ मार्च १९३१चा, फिलाडेल्फियाचा. बालपण इंडियानातल्या ब्लूमिंग्टन या विद्यापीठाच्या गावात गेलं. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आजोबा खगोलशास्त्रज्ञ; घरात मोजमापाची शिस्त होती. ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात त्या इतिहास शिकायला गेल्या होत्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा एक वर्ग केला आणि विषय बदलला. १९५२मध्ये पदवी घेऊन त्या पॅरिसला गेल्या. दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या युरोपला उभं करणाऱ्या मार्शल योजनेच्या कामात तिथे त्यांना लहानशी नोकरी मिळाली.

परत आल्यावर त्यांनी हार्वर्डच्या लोकप्रशासन विभागात अर्ज केला. लोकसेवेत जायचं त्यांचं तेव्हाच ठरलेलं होतं. विभागाने नकार दिला. कारण सांगण्यात आलं ते असं की लग्नाच्या वयाच्या मुलीवर जागा खर्च करणं जोखमीचं आहे. शिकेल आणि संसाराला लागेल. मग त्या रॅडक्लिफ या हार्वर्डशी जोडलेल्या मुलींच्या कॉलेजामार्फत हार्वर्डच्याच अर्थशास्त्र विभागात शिरल्या आणि १९५८मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळात हार्वर्डच्या लॅमाँट ग्रंथालयाचा दरवाजा स्त्रियांना बंद होता. तो १९६७मध्ये उघडला. दरम्यान १९५५मध्ये वकील लुईस रिव्हलिन यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं, पुढे तीन मुलं झाली. नोकरी मात्र कधी सुटली नाही. विभागाने वर्तवलेलं भविष्य पुढच्या साठ वर्षांत सपशेल खोटं ठरलं.

१९५७पासून त्या वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज संस्थेत संशोधन करत होत्या. १९६६मध्ये आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण खात्यात त्यांना बोलावणं आलं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी योजनांचा तो धडाक्याचा काळ होता. रिव्हलिन यांचं काम या योजनांचा खर्च आणि परिणाम तपासण्याचं, आणि तिथे त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली जी पुढे आयुष्यभर पुरली. गरीब किती आणि कुठे आहेत हे सरकारला बऱ्यापैकी ठाऊक होतं. कोणत्या योजनेने त्यांचं खरोखर भलं होतं, हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलांना वाचायला शिकवण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती सरस, यावर तावातावाने वाद चालत. दोन्ही पद्धती रीतसर करून पाहून निकाल ताडलेला नसे. १९७१च्या ‘सिस्टमॅटिक थिंकिंग फॉर सोशल ॲक्शन’ या छोट्या पुस्तकात त्यांनी हे कोणतीही भीड न ठेवता लिहिलं आणि योजना देशभर लादण्याआधी पद्धतशीर प्रयोग करा, असा आग्रह धरला. योजनांवर नुसता विश्वास ठेवण्यापेक्षा ही जास्त खरी कळकळ होती.

*

सीबीओला पुढे जागा मिळाली ती कॅपिटॉलच्या टेकडीखाली, एका जुन्या सरकारी इमारतीत. एफबीआय तिथे बोटांच्या ठशांच्या नोंदी ठेवत असे. रिव्हलिनबाईंनी माणसं मागितली, काँग्रेसने कात्री लावून दिली. तरी वर्षभरात जवळपास दोनशे जण कामाला लागले.

पहिला निर्णय कार्यालयाच्या स्वभावाचा होता. कायद्यात काम लिहिलेलं होतं, वृत्ती लिहिलेली नव्हती. सीबीओ बहुमतवाल्या पक्षाचं संशोधन खातं होऊ शकलं असतं, किंवा देशाला शहाणपण शिकवणारी तज्ज्ञांची पंगत. रिव्हलिनबाईंनी ठरवलं की कार्यालय आकडे मांडेल, पर्याय मांडेल, प्रत्येक पर्यायाचे परिणाम मांडेल, पण अमुक करा असं कधीही म्हणणार नाही. शिफारस करणं हा निवडून आलेल्यांचा हक्क. अहवालाच्या मसुद्यात सल्ल्याचा वास येणारं वाक्य आलं की ते खोडलं जाई. स्वतःची ठाम मतं असलेल्या बाईने हा नियम घातला, यात त्याचं मोल आहे.

कामाची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. समजा, गरिबांना धान्यासाठी कुपनं देण्याची उत्पन्नमर्यादा थोडी वाढवण्याचं विधेयक आलं. आणणारा सदस्य म्हणतो, खर्च किरकोळ आहे. सीबीओचा विश्लेषक आधी मोजणार की नव्या मर्यादेत किती कुटुंबं बसतात. मग त्यातली किती प्रत्यक्ष अर्ज करतील. सगळी कधीच करत नाहीत. मग दर कुटुंबामागे सरासरी रक्कम, मग येत्या वर्षांत धान्याचे भाव किती चढतील, बेकारी वाढली तर किती नवी कुटुंबं त्या रांगेत येतील. हे सगळं पुढच्या पाच वर्षांसाठी, आणि विधेयक नसतंच आलं तर जो खर्च झाला असता त्याच्याशी ताडून. शेवटी एका छोट्या कोष्टकात पाच आकडे. ते कोष्टक सभागृहात गेलं की ‘किरकोळ’ हा शब्द वापरणं अवघड होई.

पहिल्या वर्षीच तक्रारी सुरू झाल्या. बाई वर्तमानपत्रांशी फार बोलतात, काँग्रेसच्या नोकराने इतकं झळकू नये, असं काही सदस्य म्हणू लागले. रिव्हलिनबाई बधल्या नाहीत. आकडे जनतेच्या पैशांचे आहेत तर ते जनतेला कळले पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती, आणि अहवाल दोन्ही पक्षांना व पत्रकारांना खुले राहिले.

खरी परीक्षा १९७७मध्ये झाली. रिव्हलिन डेमोक्रॅट, काँग्रेसमध्ये बहुमत डेमोक्रॅट पक्षाचं आणि आता अध्यक्षही डेमोक्रॅट, जिमी कार्टर. त्या एप्रिलमध्ये कार्टर यांनी भव्य ऊर्जा योजना मांडली. तेलाच्या आयातीत मोठी कपात होईल, असा दावा होता. सीबीओने हिशेब केला आणि सांगितलं की बचत होईल, पण दाव्याइतकी नाही. प्रतिनिधीगृहात योजना मार्गी लावायला निघालेले नेते भडकले. आपल्याच कार्यालयाने आपल्याच अध्यक्षाच्या पायात पाय घालावा, हे त्यांना समजेना. रिपब्लिकन खूश होऊन तो अहवाल फडकावू लागले. सीबीओची पत बसली ती या दिवसांत. आपल्या माणसांना नको असलेला आकडा देणारं कार्यालय म्हणून त्याची ओळख झाली. १९७९मध्ये रिव्हलिन यांची फेरनेमणूक झाली.

मग वारा उलटा फिरला. १९८१मध्ये रोनाल्ड रेगन आले. कर मोठ्या प्रमाणात कमी करायचे, संरक्षणखर्च वाढवायचा आणि तरी १९८४पर्यंत तूट शून्यावर आणायची, असं त्यांचं वचन होतं. अर्थव्यवस्था झपाट्याने वाढेल आणि महागाई चटकन उतरेल, या गृहीतावर सगळा डोलारा उभा होता. सीबीओने कमी गुलाबी गृहीतं घेतली आणि दाखवलं की तूट राहील. रिव्हलिनबाई डेमोक्रॅट, तेव्हा आरोप करणं सोपं होतं. पण सेनेटच्या अर्थसंकल्प समितीचे नवे अध्यक्ष, रिपब्लिकन पीट डोमेनिची, हे आकडे नाकारू शकत नव्हते. एप्रिलमध्ये समितीपुढे मांडलेल्या हिशेबात १९८४ची तूट भरून निघेना, तेव्हा रेगन यांच्याच पक्षाच्या तीन सदस्यांनी विरोधात मत दिलं. पुढे मार्ग काढून योजना मंजूर झाली. त्याच डिसेंबरात ‘अटलांटिक’ मासिकात रेगन यांचे अर्थसंकल्पप्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांची कबुली छापून आली की या आकड्यांचं नेमकं काय चाललंय ते आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. १९८३ची तूट २०० अब्ज डॉलरच्या वर गेली. १९८४ची, जिचा शून्याचा वायदा होता, सुमारे १८५ अब्ज. हे नमूद केलं पाहिजे की मधल्या मंदीचा तडाखा सीबीओलाही पुरता दिसला नव्हता आणि तुटीचा त्यांचा अंदाजही थिटाच पडला.

१९८३च्या उन्हाळ्यात त्या सीबीओतून बाहेर पडल्या. त्याच वर्षी मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली आणि १९८६मध्ये त्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. शंभर वर्षांच्या त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष.

*

बिल क्लिंटन १९९३मध्ये सत्तेवर आले आणि रिव्हलिनबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या: अध्यक्षांच्या ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेटमध्ये (ओएमबी), आधी उपसंचालक म्हणून. फेब्रुवारीत काँग्रेसपुढच्या भाषणात क्लिंटन म्हणाले की वाद नको म्हणून आम्ही सीबीओचेच आकडे वापरतो आहोत. रिपब्लिकन बाकांवरून हसण्याचा आवाज आला.

तूट कमी करा, असा धोशा लावणाऱ्यांत रिव्हलिन आघाडीवर होत्या. पत्रकार बॉब वुडवर्ड यांनी ‘द अजेंडा’ या पुस्तकात एका बैठकीचा प्रसंग दिला आहे. समाजकल्याणाच्या मदतीची जुनी पद्धत मोडीत काढू, ही क्लिंटन यांची गाजलेली प्रचारघोषणा होती. रिव्हलिन त्यांना म्हणाल्या, पुढच्या निवडणुकीला तीच घोषणा शेतकऱ्यांच्या अनुदानासाठी वापरा. आर्कान्साच्या शेतीमुलखातून आलेल्या क्लिंटन यांना ते झोंबलं. कपात करू, पण तिचा आनंद मानायची गरज नाही, असं त्यांनी सुनावलं. सल्ला द्यायचा नाही, हा नियम कार्यालयाचा होता. सल्लागाराच्या खुर्चीत बसल्यावर बाई सल्ला देताना कचरत नव्हत्या. त्यात प्रसंगी हळवेपणाला जागा कमी पडे, हेही खरं.

त्या वर्षीची तूटकपात योजना प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१६ अशी तरली, सेनेटमध्ये उपाध्यक्ष गोर यांच्या निर्णायक मताने. १९९४च्या सुरुवातीला सीबीओने क्लिंटन यांच्या आरोग्यविमा योजनेचा हिशेब केला आणि सांगितलं की ती पहिल्या वर्षांत तूट वाढवील. योजना मोडकळीला आली त्यात या अहवालाचा वाटा होता. तेव्हा सीबीओचे प्रमुख होते रॉबर्ट रायशॉअर, रिव्हलिन यांच्या हाताखाली तिथेच तयार झालेले.

ऑक्टोबरमध्ये रिव्हलिनबाई कार्यालयाच्या संचालक झाल्या, ओएमबीच्या पहिल्या स्त्री संचालक. आणि त्याच महिन्यात त्यांची एक अंतर्गत टिपणी फुटली. पुढे काय करता येईल याची ती यादी होती: हे कर वाढवता येतील, हे खर्च कापता येतील, निवृत्तिवेतनातही अशा अशा वाटा आहेत. कशाचीच शिफारस नव्हती. बाईंचा सीबीओपासूनचा शिरस्ता. पण निवडणूक तोंडावर होती. निवृत्तिवेतनाला हात लावायचा डाव उघडा पडला, असा गवगवा रिपब्लिकनांनी केला. नोव्हेंबरात डेमोक्रॅट दोन्ही सभागृहं गमावून बसले. प्रतिनिधीगृह तर चाळीस वर्षांनी. पराभवाची कारणं अनेक होती, त्या टिपणीची झळ मात्र थेट लागली. सगळे पर्याय कागदावर मांडणं संसदेच्या कार्यालयात गुण होता. पंधरा दिवसांवर मतदान असताना अध्यक्षांच्या दारात तो महागात पडला.

१९९५ उजाडलं ते प्रतिनिधीगृहाचे नवे सभापती, रिपब्लिकन न्यूट गिंग्रिच यांच्या बहुमतासह. त्यांची मागणी अशी की अध्यक्षांनी सात वर्षांत तूट शून्यावर आणणारा अर्थसंकल्प द्यावा आणि तो सीबीओच्या आकड्यांनुसार शून्यावर आला पाहिजे. ओएमबीचे अंदाज सीबीओपेक्षा आशादायक होते, आणि सात वर्षांत तो लहान फरक शेकडो अब्जांचा होई. म्हणजे ज्या कार्यालयाची वीट न्‌ वीट रिव्हलिन यांनी रचली, त्याच्याच आकड्यांविरुद्ध त्यांना आपल्या नव्या कार्यालयाची बाजू लढवायची होती. समोर सीबीओच्या प्रमुखपदी होत्या जून ओ’नील. सत्तरच्या दशकात त्याही तिथे रिव्हलिन यांच्या हाताखाली होत्या. वाटाघाटी फिसकटल्या. नोव्हेंबरात सरकारी कार्यालयांना पाच दिवस टाळं लागलं. डिसेंबर-जानेवारीत २१ दिवस. पगार अडकले, राष्ट्रीय उद्यानं बंद पडली. शेवटी ६ जानेवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी सीबीओच्या आकड्यांवर सात वर्षांत बसणारा अर्थसंकल्प पाठवला. तो तयार झाला रिव्हलिन यांच्याच कार्यालयात. तडजोड तेव्हाही झाली नाही, पण कार्यालयं उघडली. १९९२मध्ये २९० अब्ज असलेली तूट १९९८मध्ये ६९ अब्जांच्या शिलकीत बदलली. त्याचं श्रेय करवाढीचं, खर्चकपातीचं आणि तेजीत असलेल्या अर्थव्यवस्थेचं.

भारतातही सीबीओसारखं कार्यालय असावं, ही सूचना नवी नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या तेराव्या वित्त आयोगाने २००९मध्ये दिलेल्या अहवालात स्वतंत्र आढावा समिती नेमून तिची पुढे वित्तीय परिषद करावी, असं सुचवलं होतं. केंद्रात अशी परिषद अजून झालेली नाही. आपल्या खासदारांपुढे येणारे तुटीचे आणि कराच्या उत्पन्नाचे अंदाज आजही अर्थ मंत्रालयच तयार करतं, आणि ते तपासायचे तर खासदाराने जायचं कुठे?

१९९६च्या जूनपासून १९९९पर्यंत रिव्हलिन फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या उपाध्यक्ष होत्या. पण त्या काळातलं त्यांचं जास्त आतड्याचं काम वॉशिंग्टन शहराचं. १९९०मध्येच एका आयोगाच्या प्रमुख म्हणून त्यांनी शहराला बजावलं होतं की हिशेब असाच राहिला तर दिवाळं निघेल. ते निघालं. १९९५मध्ये काँग्रेसने शहराच्या कारभारावर नियंत्रण मंडळ बसवलं, आणि १९९८मध्ये त्याचं अध्यक्षपद रिव्हलिन यांच्याकडे आलं. काही काळ दोन्ही कामं बरोबरीने चालली: एकीकडे देशाचे व्याजदर, दुसरीकडे शहरातल्या शाळा आणि रस्ते. मंडळाने हळूहळू अधिकार नव्या महापौरांकडे, अँथनी विल्यम्स यांच्याकडे, सोपवले आणि सलग चार वर्षं अंदाजपत्रक जमल्यावर २००१मध्ये गाशा गुंडाळला.

२०१०मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्या एकाच वेळी दोन ठिकाणी राष्ट्रीय कर्जाचा प्रश्न सोडवत होत्या. अध्यक्ष ओबामांच्या १८ जणांच्या आयोगात त्यांनी अंतिम अहवालाच्या बाजूने मत दिलं. बाजूने ११ मतं पडली, हवी होती १४. दुसऱ्या गटात त्यांचे सहप्रमुख होते तेच रिपब्लिकन पीट डोमेनिची, ज्यांच्या समितीपुढे १९८१मध्ये त्यांनी तुटीचे नकोसे आकडे ठेवले होते. दोघांनी मिळून करवाढ आणि खर्चकपात दोन्ही असलेला आराखडा लिहिला. तोही काँग्रेसने उचलला नाही. त्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवत राहिल्या, ब्रुकिंग्जमध्ये लिहीत राहिल्या. १४ मे २०१९ रोजी, ८८व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. तेव्हा दोन पक्षांतल्या तुटलेल्या संवादावरचं पुस्तक हातात होतं. मुलाने आणि सुनेने ते पूर्ण केलं आणि ‘डिव्हायडेड वी फॉल’ या नावाने ते २०२२मध्ये प्रसिद्ध झालं.